कूलरच्या खिडकीशी लावलेली गाडी

माझ्या बहिणीचं डोकं माझ्यामुळे दुखायचं आणि मला त्याचा अभिमान होता. आधी हेच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला बरं पडेल.

मी अमरावतीला राहतो, कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, अकोल्याला मुलाकडे असते. भाऊजी गेल्यापासून दर रविवारी सकाळी गाडी काढायची, तिच्या हातचं जेवायचं आणि चारच्या सुमारास परत फिरायचं, असा माझा नेम. तिचाही जीव आठवडाभर त्या रविवारातच अडकलेला असतो.

तर झालं असं, की एकदा चिखलदऱ्याच्या घाटात गाडीनं दम टाकला. ॲक्सिलरेटर दाबला तरी ढिम्म. बडनेरा रोडवरचा मेकॅनिक गाडीखाली सरपटत गेला आणि तिथूनच म्हणाला, "सर, कॅटकॉन चोक झालं तुमचं." कॅटकॉन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला डबा, आत बारीक छिद्रांची जाळी, जाळीवर मौल्यवान धातूचा लेप. इंजिनातला विषारी वायू तिथून जाताना निरुपद्रवी होतो. हे मी त्याला समजावायला गेलो तर तो हसायलाच लागला.

"सर, हे सारं पुस्तकात. नवीन टाकान त लय महाग पडते. मी जाळी फोडून डबा रिकामा करून देतो, मंग पाहा गाडी कशी पयते."

"अन् धुराचं काय?"

"रोडवर टरक पाहा ना कसे धूर सोडून राहिले! तुमच्या एका गाडीनं काय आभाय फाटते?"

हाच युक्तिवाद वर्गात एखाद्या पोरानं केला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. बावीस वर्षं फळ्यावर 'उत्प्रेरक' लिहून, त्याखाली मोटारीच्या धुराचं उदाहरण देणारा माणूस मी. पण ते जाळीचे तुकडे खडखड करत पत्र्याच्या डब्यात पडले तेव्हा मी शेजारी उभा राहून चहा पीत होतो. गाडी खरंच पळाली. स्टाफरूममध्ये मी मेकॅनिकची तारीफसुद्धा केली. पुढं पीयूसीवाल्यानं तपासणीची नळी आत घातली की नाही, तेही मी पाहिलं नाही. पाहायचं नव्हतंच मला.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. वऱ्हाडात मार्च सरला की प्रत्येक खिडकीत कूलर चढतो. बाहेरची हवा ओढायची, ओल्या वाळ्याच्या ताट्यांतून आत सोडायची. बहिणीच्या खोलीचा कूलर अंगणाकडच्या खिडकीत आहे आणि अंगणात सावली तेवढीच, त्या खिडकीपाशी. मी गाडी तिथंच लावायचो. तीही उलटी, तोंड फाटकाकडे, म्हणजे निघताना सरळ निघता येतं. दुसरी रीत अशी, की उन्हाळ्यात तापलेल्या गाडीत कोणी एकदम बसत नाही. दहा-पंधरा मिनिटं आधी इंजिन चालू करून एसी लावून ठेवायचा. पाहुण्याची गाडी थंड करून देणं हा आमच्याकडे पाहुणचारच. भाचा ते काम हौसेनं करायचा. एकदोनदा म्हणालाही, "मामा, गाडी लय वास मारून राहिली." मी म्हटलं, "म्हातारी झाली रे."

त्याच उन्हाळ्यात बहिणीचं डोकं दुखायला लागलं. नेमकं मी निघताना. दिवाणावर कूलरसमोर बसलेली असायची, एकदम कपाळ धरायची. मळमळायचं, छाती धडधडायची, डोळ्यांतून पाणी. "तू निघाला का असं होते रे भाऊ. जीव घाबरून जाते." शेजारणी पदर तोंडाला लावून म्हणायच्या, काय माया आहे बाई! डॉक्टरांनी छातीचा कार्डिओग्राम काढला, रक्तदाब पाहिला, आणि "मनाला लावून घेतात, बाकी काही नाही" म्हणत गोळ्या लिहून दिल्या. थंडीत हे सगळं थांबलं. तेव्हा आम्हीच कारण शोधून दिलं, दिवाळीचं घर भरलेलं असतं, तिला एकटं वाटत नाही. एवढी शहाणी माणसं आम्ही! आणि मी? मी फुशारून गेलो होतो. असं जीव टाकणारं माणूस कोणाला मिळतं, असं बायकोला चारदा ऐकवलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात भाच्यानं मला बाजूला घेतलं. तो वाईट नाही, आईची काळजी करणारा पोरगा आहे. "मामा, राग नका मानू. हे असंच चाललं त तुमी दर हप्त्याले येनं कमी करा. आईले सहन नाही होत."

त्यानंतरच्याच रविवारी वांग्याची भाजी जरा जास्त झाली म्हणून मी बहिणीच्या दिवाणावर आडवा झालो. ती स्वयंपाकघरात माझा डबा भरत होती. भाच्यानं बाहेर गाडी चालू केली. पाचदहा मिनिटांत माझी कानशिलं ठणकायला लागली, पोटात ढवळून आलं. कूलरच्या गारव्यात जळक्या पेट्रोलचा वास होता. वासाचं तर सोडाच, जो वायू जीव घेतो, त्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हेही मीच शिकवतो. मी उठून बसलो आणि मला सगळं कळलं: खिडकीबाहेर माझा सायलेन्सर, आणि कूलर त्याचाच धूर आत ओढत होता.

तेवढ्यात ती डबा घेऊन आली. माझा चेहरा पाहिला आणि हरखली. "पाह्य, तुलेही होते ना निघायच्या टायमाले! मी म्हनतच होती, माह्या भावालेही होत असन!"

त्या क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण तिचा चेहरा इतका उजळला होता, की मी भ्याडासारखा मान हलवली. बाहेर जाऊन आधी इंजिन बंद केलं. घरी पोचेपर्यंत स्वतःला शिव्या घातल्या. दोन उन्हाळे मी माझ्या बहिणीला विष हुंगवलं होतं.

त्याच आठवड्यात नवीन कॅटकॉन बसवलं. मेकॅनिक म्हणाला, "सर, फुकटचा खर्च." मी त्याच्यावर असा खेकसलो की तो पान्हा हातात धरून बघतच राहिला. त्याचा दोष किती आणि माझा किती, हे मला माहीत होतं. म्हणूनच आवाज चढला असावा.

नंतर मी गाडी फाटकाबाहेर, गल्लीच्या तोंडाशी लावू लागलो, आणि एसी आधी चालू करणं बंद. पहिल्या रविवारी बहिणीला काही झालं नाही. भाचा खूश. ती मात्र सारखा कपाळाला हात लावून पाहत होती. पुढच्या रविवारी मला हळूच म्हणाली, "काहून असं झालं रे? काहीच वाटून नाही राहिलं. माह्यी माया आटली का काय?" मी म्हटलं, "अगं, औषध लागू पडलं." पुन्हा खोटं.

त्याच्या पुढच्या रविवारी मी चपला घालत होतो. गाडी लांब गल्लीत, बंद, किल्ली माझ्या खिशात. ती दिवाणावर बसली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

"आई गं, दुखून राहिलं."

तिला अभिनय येत नाही, कधीच आला नाही. मला वाईट वाटू नये म्हणून बिचारी कण्हत होती. मला ते कळत होतं आणि तरी मी तिच्याजवळ बसून तिचं डोकं दाबत राहिलो.

भाचा फाटकापर्यंत सोडायला आला. "मामा, पाहिलं ना? पुन्हा सुरू झालं. आता महिन्यातून एकदाच येत जा."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी "बरं" म्हटलं आणि गाडीत बसलो.