किल्ली नसलेल्याला काय दिसतं

जिक्राला कुणी दार बंद आहे म्हणून सांगितलं, की ती आधी फटीला डोळा लावते. नांदेडला तिचे अब्बा महेबूबभाई पंखे-मिक्सर दुरुस्त करतात. त्यांच्या दुकानात ही पोर चांगला चालणारा पंखासुद्धा खोलून बसायची. आता ती लातुरात आमच्या महिला सल्ला केंद्रात संगणकाचं काम बघते आणि उरलेल्या वेळात माझं डोकं खाते.

केंद्रात येणाऱ्या बायकांचे जबाब आम्ही केंद्राच्या नोंदींच्या प्रोग्रॅमसोबतच तिच्या ‘रेपो’त ठेवत होतो. रेपो म्हणजे अशी जागा, जिथे फायलीतला प्रत्येक बदल कुणी आणि कधी केला हे कायमचं राहतं. कोर्टात ते उपयोगी पडतं. जबाब एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे किल्लीशिवाय उघडले तर नुसता अक्षरांचा चिवडा. किल्ली आम्हा दोघींकडेच. मागच्या शुक्रवारी प्रोग्रॅमची देखभाल एका कंपनीकडे दिली, तेव्हा रेपोची प्रत त्यांना गेली, किल्ली नाही. मी निर्धास्त होते.

सोमवारी बघते तर जिक्रा केंद्रातल्या जुन्या लॅपटॉपवर तीच प्रत उघडून बसलेली. त्या लॅपटॉपवर किल्ली नव्हती.

“आता हे काय नवीन?”

“किल्ली नसलेल्याला काय दिसतंय ते बघून राहिले, ताई.”

“काही दिसत नाही. तूच सांगितलं होतंस.”

“आतलं न्हाई दिसत. पर फायलींची नावं दिसतात. मुदखेडची, निलंग्याची, जळकोटची. ही काय नावं हायत?”

मला हसू आलं. आमच्या खेड्यांत सून सासरी माहेरच्या गावानं ओळखली जाते. खरी नावं नकोत म्हणून आम्हीच मोठ्या हुशारीनं फायलींना ही नावं दिली होती. जिक्राच्या घरी ही रीत नाही, म्हणून मी तिला ती समजावली.

“म्हंजे सासरी समदे तिला जळकोटचीच म्हणतात?” तिनं विचारलं, आणि माझं हसू तिथंच थांबलं.

जळकोटची म्हणजे शिवांगी. नवरा मारायचा. नांदेडच्या एका वसतिगृहात तिला मुलीसकट जागा मिळणार होती, पण पुढच्या महिन्यात. तोवर ती केंद्रात येते हे सासरी कळता कामा नये, एवढंच तिचं मागणं होतं. आणि तिचा दीर आदर्श त्याच कंपनीत कामाला. तिनं जबाबातच सांगितलं होतं. पण आतलं कुणाला दिसणार नाही, यावर मी विसंबले होते.

“अगं, मग नाव बदल की!” मी ओरडलेच.

“बदलते. पर जुनं नाव मागं राहतंय. रेपो काहीच इसरत न्हाई.” तिनं जुन्या नोंदी काढून दाखवल्या. प्रत्येक बदलासोबत आम्ही एक ओळ लिहायचो, ती चक्क वाचता येत होती: ‘जळकोटची – मारहाणीचा जबाब जोडला.’ वर तारीख.

“हेही झाकलं जात नाही?”

“न्हाई. फकत फायलीच्या आतलं. आपला रेपो मी नव्यानं बनवते, मागचं समदं काढून. पर त्यांच्याकडं गेलेली प्रत आपल्या हातात न्हाई.”

“आदर्शनं बघितलं का, ते तरी कळेल?”

“न्हाई, ताई.” एखादी गोष्ट कळणारच नाही, हे तिला सहन होत नाही. तिचा चेहरा एवढासा झाला. मला तर राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

“मग बघितलंय असंच धरायचं,” मी म्हणाले.

शिवांगीच्या आईला जळकोटला फोन लावला. दुपारी ‘आई पाय घसरून पडली’ असा निरोप सासरी गेला आणि संध्याकाळी शिवांगी लेकीला कडेवर घेऊन माहेरी पोचली. दुसऱ्या दिवशी एसटीनं आमच्याकडे. वसतिगृहवाल्यांच्या मी हातापाया पडले, तेव्हा त्यांनी लगेच जागा दिली. दिरानं काही पाहिलं होतं का, ते अजूनही माहीत नाही.

तोवर जिक्रानं जबाब दुसरीकडे हलवून फायलींना नुसते आकडे दिले होते. झालं ते सगळं तिनं शिवांगीला काही न लपवता सांगितलं. आता ही चिडणार, म्हणून मी तयारीत बसले. शिवांगी लेकीला बिस्कीट भरवत ऐकत होती.

“माझं खरं नावच का न्हाई टाकलं?” तिनं विचारलं.

“कुणीतरी ओळखलं असतं ना, बाई,” मी म्हणाले.

शिवांगीला हसू फुटलं. “कोण वळखणार? लग्नात नाव बदललं, अन् त्या नव्या नावानंबी कुणी हाक मारली न्हाई. शिवांगी कोण, हे त्या घरात कुणाला आठवतबी नसंल.”