पोटावरची जादा कातडी

डॉक्टर म्हणाले होते, थंडीत या. मी म्हटलं, नाही, मे महिन्यातच करा. नागपूरच्या मे महिन्यात धडधाकट माणूस डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून बसतो, आणि ही बाई पोट कापून घ्यायला निघाली, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उन्हाळ्यात घरी निवांतपणा असतो, असं काहीतरी मी त्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. आम्ही वाडीला राहायचो, अमरावती रोडवर, ट्रकच्या गोदामांमागच्या खोल्यांच्या लाइनीत. शाळांना सुट्ट्या लागल्या की लाइनीतल्या झाडून साऱ्या बाया पोरं घेऊन माहेरी जायच्या. शाळा उघडेपर्यंत सगळा शुकशुकाट. तेवढ्यात कातडी कापून घ्यायची, टाके सुकवायचे आणि त्या परत यायच्या आत सरळ उभं राहून दारात रांगोळी काढायची, असा माझा बेत होता. कोणाला म्हणजे कोणाला कळू द्यायचं नव्हतं.

लहानपणापासून मी जाडी. गुबगुबीत वगैरे नाही, सरळ जाडी. मला पाहून सायकलरिक्षावाले दुसरीकडे तोंड फिरवायचे. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं, आणि डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की ही चरबी आहे तोवर आशा धरू नका. उपास केले, भात सोडला, तूप सोडलं, लिंबाचं पाणी पिऊन दात आंबवून घेतले. शेवटी आमच्या ह्यांनी कुठून तरी पत्ता काढून मला मुंबईला नेलं, आणि तिथल्या एका डॉक्टरांनी माझं आतडं आखूड केलं. त्यानंतरचे हगवणीचे दिवस लिहायची माझी छाती नाही. पण वजन उतरलं. आणि वजन उतरलं तरी पोटावरची कातडी काही गेली नाही. रिकाम्या पिठाच्या पिशवीसारखी ती मांड्यांवर लोंबायची. तिच्या घडीखाली घाम साचायचा, चट्टे पडायचे, वास यायचा. ती परकरात कोंबून, वरून नाडी आवळून मी साडी नेसायचे. जाड होते तेव्हा लोक हसायचे, ते चाललं. आता माझी मलाच किळस यायची.

या पोटाने मला आधीही एकदा तोंडघशी पाडलं होतं. मी जाड होते त्या काळात सासरच्या गावी, काटोलकडे, एका लग्नात मला उलटी झाली. आंबलेल्या ताकाने झाली होती. पण माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि मला एका शब्दाने न विचारता मांडवभर सांगून आल्या. बायांनी तिथेच माझी ओटी भरली. हिरवं लुगडं, नारळ, गहू, सगळं. मी तोंड उघडलं नाही. काय सांगणार होते, बाई गं, ही चरबी आहे म्हणून? पुढे महिने गेले तसं गावाला आपोआप कळलं. आत्याबाई त्यावर मला कधी काही बोलल्या नाहीत. मला वाटायचं, मनातल्या मनात थुंकत असतील माझ्यावर.

तर रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात माझं ऑपरेशन झालं. ह्यांनी गावी आत्याबाईंना कळवलं, हर्निया आहे म्हणून. कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत टाके. बेंबीलासुद्धा नवी जागा करून दिली होती. घरी आले तेव्हा कंबर सरळ होत नव्हती. हरवलेली सुई शोधत असल्यासारखी मी वाकून घरभर फिरायचे. खोकला आला की उशी पोटाशी दाबायची, हसू आलं की ह्यांच्यावर ओरडायचं. वरून तो पट्टा, जाड, रुंद, घामाने चिंब. कूलरमध्ये नवी खस लावली होती, पण दुपारी लाइट जायची आणि मग नुसती भट्टी.

आत्याबाई गावाहून आल्या त्या डिंकाचे लाडू घेऊनच. मे महिन्यात! मी म्हटलं, आत्याबाई, नाकातून रक्त येईल. त्यांचं म्हणणं, पोट फाडलेल्या बाईला उन्हाळा-हिवाळा काही नसते. लाडू मी खाल्ले. पण पट्टी मात्र त्यांना करू दिली नाही. नर्सने मला शिकवलं आहे अशी थाप मारली आणि रोज दार लावून माझी मीच करायला लागले. आता वाकता येत नाही, खालचं दिसत नाही, तर काय डोंबलाची पट्टी होणार! चाचपून जुना कापूस ओढायचा, चाचपून नवा ठेवायचा, की वरून पट्टा. कातडी बधिर होती, दुखलेलंही कळायचं नाही. काही दिवसांनी वास यायला लागला. तोच जुना वास, ज्याच्यासाठी हे सगळं केलं होतं. मी वरून पावडर टाकली. अंगात कणकण होती तरी डॉक्टरकडे जायचं नाव घेतलं नाही. वाटलं, गेले तर ठेवूनच घेतील, आणि तेवढ्यात बाया परत येतील.

एका दुपारी मी आत पट्टी बदलत होते आणि आत्याबाई दाराबाहेर येऊन बसल्या.

"दार उघड वं."

मी म्हटलं, झालंच आहे.

"वास येऊन राह्यला घरभर. मले काय नाक नाही? उघड दार, दाखव मले."

मी दार उघडलं आणि त्यांच्यासमोर साडी वर करून उभी राहिले. रडत होते, नाक वाहत होतं, पुसायला हात रिकामे नव्हते. त्यांनी खाली बसून नीट पाहिलं. मधल्या भागात टाके उसवून जखम उघडी पडली होती. हा हर्निया नाही हे कळायला त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती, तरी मी भडाभडा सांगून टाकलं. ही कातडी लोंबत होती, ती कापून घेतली, एवढंच. रोग नव्हता काही. माझ्याच्यानं पाहवत नव्हतं म्हणून केलं. मला वाटलं, आता म्हणतील, हौसेसाठी पोट कापून घेतलंस? त्यांनी एवढंच विचारलं की दुखते का, आणि ह्यांना गोदामातून बोलावून आणून ऑटो करायला सांगितला.

डॉक्टरांनी मला लहान मुलीसारखं झापलं. जखम धुतली, पट्टी रोज दुसऱ्या कोणीतरी करायची म्हणून बजावलं. ते काम आत्याबाईंनी घेतलं. पाणी उकळायचं, जखम पुसायची, कापूस ठेवायचा. पट्टा घामाने काचतो म्हणून त्यांनी डॉक्टरांना विचारून आपल्या जुन्या लुगड्याची मऊ चिंधी आधी गुंडाळायला सुरुवात केली. आमच्याकडे बाळंतिणीचं पोट असंच बांधतात. बांधताना त्यांचा हात सवयीने फिरायचा, आपल्या लेकींची बाळंतपणं त्यांनीच केली होती. त्यांना मी नातवंड दिलं नव्हतं आणि हे सगळं करून घेत होते. शरमेने मी मेल्याहून मेल्यासारखी व्हायचे.

व्हायचं तेच झालं. शाळा उघडल्या, लाइन भरली, आणि मी अजून खाटेवर. बाया आल्याच. आजारी बाईला भेटायला आलेली बाई काय कापलं हे कळल्याशिवाय उठत नाही, हा आमच्याकडचा रिवाजच आहे. मी म्हटलं हर्निया, तर एकीच्या दिराला हर्निया झाला होता, त्याची पट्टी एवढीशी होती म्हणे. दुसरीने दवाखाना कुठला ते विचारलं. मी रामदासपेठ म्हणून मोघम सांगितलं, पण ह्यांनी तिच्या नवऱ्याला आधीच सगळा पत्ता सांगून ठेवला होता. धन्य तो माणूस! ती म्हणाली, तिथे तर कातडीचा डॉक्टर आहे, जळालेल्या लोकांचा. मग सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. माझे कान तापले. मी पोटावरची चादर दोन्ही हातांनी धरून ठेवली. कोणी हसून ती ओढली असती तर मी तिथेच प्राण सोडला असता.

आत्याबाई सरबताचे पेले घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"पिसवी काढली तिची," त्या म्हणाल्या. "म्हणून सांगत नाही ती कोणाले."

पिशवी काढली म्हणजे आता मूल नाही, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. एकीने चक्क डोळे पुसले. दिराच्या हर्नियावाली माझे पाय दाबायला लागली. मी बोलू शकत होते. नाही हो, तसं काही नाही, एवढं म्हणायला काय लागतं? पण ते म्हटलं असतं तर मग कातडीचं सांगावं लागलं असतं. मी पाय दाबून घेतले.

त्या गेल्यावर मला रागच आला. मी म्हटलं, आत्याबाई, काहून सांगितलं असं? वजन उतरल्यावर डॉक्टरीणबाई आता आशा आहे म्हणाल्या होत्या. उद्या गावालाही कळेल हे.

त्या पेले गोळा करत होत्या. "कळू दे," म्हणाल्या. "आता तुले कोणी इचारणार नाही."

मग दारातून मागे न पाहता म्हणाल्या, "अन् मलेबी."

त्यांनाही कोणी विचारत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. विहिरीवर, बाजारात, प्रत्येक लग्नात, प्रत्येक हळदीकुंकवाला, सुनेचं काही आहे का म्हणून. इतकी वर्षं. थोड्या वेळाने त्या उकळलेलं पाणी आणि कापूस घेऊन आल्या, आणि पट्टी करून होईस्तोवर मला त्यांच्या तोंडाकडे पाहवलं नाही.