मानसीचे फ्री थ्रो आणि आमचे संशय

मी राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये रिटर्नचा माल तपासतो. गिऱ्हाईकाने परत पाठवलेला बॉक्स उघडायचा आणि आत मोबाइल आहे की साबणाची वडी, ते बघायचं. म्हणजे संशय घ्यायचा मला पगार मिळतो. आमच्या कट्ट्यावरचे बाकीचे तिघं तेच काम फुकट करतात. आता अशी चार माणसं रोज संध्याकाळी एका बाकड्यावर बसल्यावर किस्से शोधायला कशाला जावं लागतं? कापडाच्या लूममधून बाहेर आलेल्या माणसाच्या अंगावर कापूस असतो ना, तसे ते चिकटून घरी येतात.

बाकडं कॉलेजच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीचं. विषय एकच, कॉलेजच्या मुलींची बास्केटबॉल टीम. आमच्यात गुरुनाथशेठ म्हणजे शेजारच्या कोन गावचे. शेती गेली, गोडाऊनं उभी राहिली, वेळ उरला, तो त्यांनी आमच्या टीमला दिला. अन्सारीभाईंचे लूम आहेत. जर्सीचं कापड ते देतात, त्यामुळे टीमही आपणच विणली अशी त्यांची समजूत. आणि तांबे मॅडम याच कॉलेजच्या लायब्ररीतून रिटायर झालेल्या. पुस्तक परत आलं की पानं फाडली असणारच असं धरून त्या आधी पुस्तक चाळायच्या, मग पोराच्या तोंडाकडे बघायच्या.

*

गेल्या वर्षी मुली विद्यापीठात पहिल्या आल्या आणि त्याच्या जोरावर काठमांडूच्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रण आलं. गावात पेढे वाटले गेले. बाकड्यावर चौकशी बसली.

"आपल्याला कोण ओळखतंय नेपाळात?" गुरुनाथशेठ म्हणाले. "सख्खा भाऊ लग्नाला बोलवत न्हाय हल्ली. मना संशय हाय."

तांबे मॅडमनी आमंत्रणावरचा नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकला आणि इंग्रजीत उलटतपासणी सुरू केली. पलीकडचा गृहस्थ बिचारा नम्रपणे हिंदीत उत्तरं देत होता. अन्सारीभाईंनी कान टवकारले. "नेपाल का आदमी और इतनी साफ हिंदी? मॅडम, फोन इधर दो."

फोन घेतला आणि विचारलं, "भाईजान, असली घर कहाँ है?" तो माणूस निघाला अन्सारीभाईंच्या उत्तरेतल्या मुलखातला, शेजारच्याच तालुक्यातला. मग काय विचारता. कोणाचे आंबे, कोणाची बहीण कुठे दिली, कोणत्या बाजारात बैल मिळतात, सगळं झालं. फोन ठेवून अन्सारीभाई म्हणाले, "एकदम सच्चा आदमी है. मेरा शक खतम."

"आमचा आता सुरू झाला," मॅडम म्हणाल्या.

*

तरी टीम गेली. पहिली मॅच आम्ही टपरीवर मोबाइलवर बघितली, एक मोबाइल माझा, एक अन्सारीभाईंचा. बाकड्याच्या एका टोकाला ते आणि दुसऱ्या टोकाला मी, मध्ये शेठ आणि मॅडम.

माझ्या मोबाइलवर आमची कॅप्टन मानसी बॉल घेऊन निघाली की तिकडून अन्सारीभाई म्हणायचे, "गया." मग थोड्या वेळाने माझ्याकडे बॉल आत जायचा. पुन्हा मानसी निघाली. "नहीं गया." आणि खरंच जायचा नाही. पाच-सहा वेळा असं झाल्यावर गुरुनाथशेठ चहा खाली ठेवून उठले.

"याला आधी कसं कळतंय?"

मी सांगितलं, शेठ, त्यांचं नेट फास्ट आहे, माझ्याकडे तेच मागून येतंय. शेठना पटलं नाही. "मॅच एक हाय ना? मग एकाला आधी आणि एकाला मागून कशी दिसंल? तिकडं कोण हाय याचा? तो आंबेवाला?"

शेवटी अन्सारीभाईंना रस्त्याच्या पलीकडे, पंक्चरवाल्याकडे बसवलं. ते तिथूनही हात वर करायचे. शेठ त्यांच्याकडे पाठ करून बसले आणि मॅच संपेपर्यंत वळले नाहीत. आम्ही जिंकलो तेही अन्सारीभाईंना आधी कळलं, याचा शेठना राग आला तो आलाच.

*

दुसऱ्या मॅचला समोरच्या टीमची सेंटरला खेळणारी मुलगी फारच उंच होती. शेठनी मोबाइल हातात घेऊन तिला नीट बघितलं.

"ही कॉलेजातली पोरगी?"

"हो, स्पर्धा कॉलेजचीच आहे."

"हिची पोरगी असंल कॉलेजात."

ती मॅचही आपण जिंकलो आणि तेव्हापासून शेठच्या लेखी ती बाई विद्यार्थिनी झाली. हरणाऱ्यांवर संशय घ्यायचा नाही, एवढी सभ्यता आमच्यात आहे.

*

सेमीफायनलला मात्र हसणं संपलं.

आता बास्केटबॉल न बघणाऱ्यांसाठी सांगतो. फाउल झाला की फ्री थ्रो मिळतो. रेघेवर उभं राहायचं आणि निवांत बॉल टाकायचा. आडवं यायला कोणी नाही. आमची मानसी फ्री थ्रोला देवासारखी. रोज संध्याकाळी गेटकडच्या बास्केटवर ती आणि बाकीच्या मुली रेघेवरून टाकताना आम्ही बघतो. तिकडच्या टोकाची रिंग पोरांनी लोंबकळून वाकवली आहे, म्हणून सगळ्या जणी इथेच टाकतात.

त्या दिवशी धावताना, दोघी-तिघी अंगावर असताना मानसीने टाकलेले बॉल गेले. रेघेवरून एकही गेला नाही. आधीच्या दोन मॅचमध्येही रेघेवरून हुकत होते, पण जिंकत होतो म्हणून कोणी मोजलं नव्हतं. मॅच संपता संपता आपण एका पॉइंटने मागे आणि तिला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला रिंगच्या पुढच्या कडेला लागून खाली. दुसरा तसाच.

 रस्त्यापलीकडून अन्सारीभाईंनी आधीच मान खाली घातली होती.

टीमबरोबर गेलेल्या कोच सरांना फोन लावला. सर म्हणाले, "उंचावरचं गाव आहे हो. हवा विरळ असते."

फोन ठेवल्यावर तांबे मॅडम म्हणाल्या, "हवा विरळ असेल तर बॉल लांब जायला पाहिजे. हे सर काहीतरी लपवताहेत."

"सर न्हाय," गुरुनाथशेठ म्हणाले. "पोरगीच. तिघी अंगावर असताना टाकते आणि मोकळी असताना चुकते? पोरगी फुटली."

झालं. हे त्यांनी टपरीवर म्हटलं असतं आणि टपरीवरच राहिलं असतं तर प्रश्न नव्हता. पण शेठचं बोलणं कोनपर्यंत जातं आणि कोनहून परत येताना दुप्पट होऊन येतं.

*

टीम परत आली तेव्हा आम्ही हार घेऊन कल्याण स्टेशनला गेलो. हार शेठनीच घातला. घालताना त्यांची नजर मानसीच्या पायांवर.

"बूट नवीन दिसतायत."

"हो काका," मानसी म्हणाली.

"कुणी दिले?"

मानसीने तांबे मॅडमकडे बघितलं. मॅडमनी गळ्यातली पर्स उगाच नीट केली. जाण्याआधी त्यांनीच गुपचूप दिले होते, आम्हाला सांगितलं नव्हतं. परतीच्या गाडीत शेठ खिडकीबाहेर बघत बसले. मध्येच म्हणाले, "तुमीपण?"

पण हा किस्सा हसून सोडून द्यायचा नव्हता. मानसीचा बाप टेम्पो चालवतो. दोन दिवसांनी नाक्यावर माल भरताना कोणीतरी त्याला विचारलं, "कितीला दिली मॅच पोरीने?" तो माणूस तसाच टेम्पो घेऊन घरी गेला आणि मानसीला म्हणाला, "उद्यापासून ग्राउंडवर जायचं न्हाय." इकडे कॉलेजात सरांना बोलावून कॅप्टन बदलायची का, असं विचारणं झालं. पोरगी वर मान करून चालायची, ती गेटसमोरून खाली बघत जायला लागली. मला फार वाईट वाटलं. रिटर्नच्या बॉक्सवर खोटा शिक्का बसला तर पुसता येतो. माणसावर बसलेला कसा पुसायचा?

*

चार-पाच दिवसांनी मानसी स्वतः टपरीवर आली. बापाला न सांगता आली होती. सरळ गुरुनाथशेठच्या समोर.

"काका, ग्राउंडवर चला. मी टाकते, तुम्ही बघा. मग काय बोलायचं ते बोला."

आम्ही सगळे गेलो. मानसी रेघेवर उभी राहिली. पहिला आत. दुसरा आत. सर बॉल आणून देत होते, ती टाकत होती, एकही हुकेना. आम्हाला वाटलं, सुटली पोरगी.

गुरुनाथशेठ आमच्याकडे वळले. "बघितलंत? हितं एक चुकत न्हाय, तिथं एक गेला न्हाय. म्हणजे तिथं मुद्दाम केलं."

पोरीने बॉल खाली सोडला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जे दाखवून नाव धुवायला आली होती त्यानेच आणखी काळं झालं. अन्सारीभाई पुटपुटले, "या अल्लाह, ये तो उल्टा हो गया."

तांबे मॅडम मात्र रेघेकडे बघत होत्या. "इथे जातो आणि तिथे पुढच्या कडेला लागतो. प्रत्येक वेळी पुढच्याच कडेला. शेठ, अंतर मोजा."

"मोजतो की," शेठ म्हणाले. त्यांच्या गाडीत कायम टेप असते. जमिनीच्या मोजणीत अख्खा जन्म गेलेला माणूस, सरकारी मोजणीदारावरसुद्धा विश्वास नाही. मोठ्या उत्साहाने टेप आणली. एक टोक मला धरायला लावलं. सरांनी मोबाइलवर नियम काढून अंतर वाचून दाखवलं.

शेठनी टेप बघितली. मग मला म्हणाले, "ताण नीट." मी ताणली. पुन्हा बघितलं. मग मला बाजूला करून टोक अन्सारीभाईंच्या हातात दिलं. आकडा तोच. बास्केट नियमापेक्षा रेघेच्या हातभर जवळ होतं. जूनपासून आमच्या मुली हातभर जवळून टाकत होत्या, आणि काठमांडूला तो हात कमी पडत होता.

"रेघ चुकली," शेठ म्हणाले.

"रेघ जुनीच आहे," सर म्हणाले. "खांब..." आणि ते खांबाकडे बघायला लागले. मे महिन्यात ते गावी गेले होते. आले तेव्हा खांबाला नवा रंग दिसला, कॉलेजने दिला असेल म्हणून विषय सोडून दिला.

आम्ही खांबाच्या मागे गेलो. तिथे ग्राउंडच्या हद्दीला मे महिन्याच्या सुट्टीत बांधलेली नवी कंपाऊंडची भिंत. त्या भिंतीच्या खालून खांबाचा जुना सिमेंटचा चौथरा अर्धा बाहेर डोकावत होता. भिंत ग्राउंडात सरकली होती, म्हणून खांब पुढे आला होता. भिंतीच्या पलीकडे गोडाऊन. गोडाऊन कोणाचं, हे मी सांगायची गरज नव्हती. पाटी वाचता येण्याइतकी मोठी होती.

शेठ टेप गुंडाळत राहिले. फार हळू गुंडाळली.

मानसी म्हणाली, "काका, तुमचा संशय बरोबर होता. फक्त माणूस चुकला." आणि ती गेली. शेठ गाडीत बसले, काच वर केली आणि कोनच्या रस्त्याला लागले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीवर जाताना टपरीवर थांबलो, तर गुरुनाथशेठ माझ्याआधी हजर. तांबे मॅडम आणि अन्सारीभाईंना त्यांनी फोन करून बोलावलं होतं.

"माझी भिंत कोणीतरी पाडली," ते म्हणाले.

गेटमधून वाकून बघितलं. ग्राउंडकडची भिंत पायापर्यंत साफ. विटा एका बाजूला नीट रचून ठेवलेल्या.

"पुलिस में जाएँगे?" अन्सारीभाईंनी विचारलं.

"नको."

"किस पे शक है, सेठ?"

"तुमच्या तिघांवर."

रोज रुमालाने बाकडं पुसून बसणारा माणूस. आज पांढरी पँट गुडघ्यापर्यंत विटांच्या भुकटीने लाल झाली होती आणि उजव्या हाताला ताजे फोड होते. मॅडमनी ते बघितलं. मीही बघितलं. मॅडमनी चार चहा सांगितले.

शेठनी चहाचा ग्लास डाव्या हाताने उचलला. "त्या मानसीच्या बापाशी मी सकाळीच जाऊन बोलून आलो. पोरगी संध्याकाळी ग्राउंडवर येणार हाय. खांब मागं घ्यायला माणसं येतायत."

"माणसं कोणी बोलावली?" मी विचारलं.

"मना काय माहीत," गुरुनाथशेठ म्हणाले. "बोलावली असतील कोणीतरी."