फोटोसाठी उघडलेलं झाकण

मंडळी, आज नांदेडच्या एका कॉलेजात माझी भाची तिचं यंत्र दाखवत होती. रक्ताच्या थेंबावर प्रकाश सोडायचा आणि त्यातून निघणाऱ्या विजेतल्या बदलावरून कॅन्सरची खूण ओळखायची. बाहेरचा उजेड नको म्हणून यंत्राची डबी बंद ठेवावी लागते.

थेंब माझ्या जाऊबाईंचा. कॅन्सरचे उपचार संपवून त्या बिलोलीहून मुद्दाम आलेल्या.

शाल-नारळ झाल्यावर प्रमुख पाहुणे म्हणाले, "झाकण काढ की पोरी, फोटोत काय दिसंल?" ती नको म्हणेपर्यंत प्राचार्यांनीच झाकण काढलं. फ्लॅश पडले, आकडे भरकटले.

"काई कामाचं न्हाई हे," म्हणत पाहुणेसाहेब जेवायला गेले.

जाऊबाईंनी पुन्हा बोट पुढे केलं. "टोच गं. ते जेवून राहिले तवर बघून घेऊ."

या वेळी झाकण बंद होतं; आकडा दवाखान्याच्या रिपोर्टशी जुळला. तिघी रडलो.

अज्ञान मला समजतं, पण ही मिजास समजत नाही. तो फोटो ग्रुपवर येईलच. तुम्ही त्याला अंगठा देणार?