लॅपटॉपला ऊन लागलं

अकोल्याच्या उन्हाशी वैयक्तिक वैर असलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. जगात जे काही बिघडतं ते तापल्यामुळेच, अशी मावसाजींची पक्की समजूत. मिक्सर अडला, टीव्ही खरखरला, जावई रुसला, तरी निदान एकच: "ऊन लागलं." स्कूटरच्या सीटवर ओलं पोतं, फ्रिजच्या पाठीशी टेबलफॅन आणि स्वतःच्या खिशात कांदा. ऊन लागू नये म्हणून वऱ्हाडात बरेच जण कांदा बाळगतात, पण सदरा बदलताना कांदा राहिला म्हणून लग्नाच्या मांडवातून घरी परतलेले मावसाजीच. शिवाय तोंड अखंड चालू. मावशी म्हणते, "हे झोपेतबी चूप नाई राहत."

त्या मे महिन्यात मी दर्यापूरहून त्यांच्याकडे आले होते. नोकरीची शेवटची मुलाखत लॅपटॉपवरून द्यायची होती आणि आमच्याकडच्या नेटचा भरवसा नव्हता. ही नोकरी हुकली की घरात माझ्या लग्नाचा विषय निघणार, हे मला ठाऊक होतं. मुलाखत सुरू झाली आणि त्या जुन्या लॅपटॉपचा पंखा असा घरघरू लागला की पलीकडच्या बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे गिरणी चालू आहे का?" शेवटी त्या म्हणाल्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा जोडू, तोवर आवाजाचं काहीतरी करा, नाहीतर आम्हाला पुढच्या उमेदवाराकडे वळावं लागेल.

आवाज कमी व्हावा म्हणून मी कूलर बंद केला, तर खोली तापली आणि पंखा आणखीच बोंबलू लागला. मावसाजींनी लॅपटॉपवर तळहात ठेवला. "याले ऊन लागलं. काहून घाबरून राह्यली तू?" मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि हे गृहस्थ स्वयंपाकघरात कांदे शोधत होते. टोपलीत तीनच निघाले. तरी त्यांनी लॅपटॉपच्या चारही कोपऱ्यांखाली एकेक कांदा सरकवला. "मावसाजी, हा काय खेळ हाय का?" मी चिडून म्हणाले. त्यांनी ऐकलंच नाही. पुठ्ठा घेऊन ते टेबलाखाली बसले आणि वारा घालू लागले. लॅपटॉप उचलला गेल्यामुळे खालून हवा खेळली की काय, पण घरघर हळूहळू उतरली. पुरती नाही, माणसाचं बोलणं ऐकू येईल इतकी. "आता तुमी बोलू नका बरं," मी हात जोडले.

नंतरची सगळी मुलाखत मला पंख्याची कमी आणि मावसाजींची भीती जास्त होती. बाईंनी विचारलं, "अडचणीच्या वेळी तुम्ही काय करता?" टेबलाखालचा पुठ्ठा थांबला. आता मावसाजीच उत्तर देणार, अशी मला धास्ती. मग पुठ्ठा पुन्हा हलू लागला आणि मी काहीतरी बोलून गेले. मुलाखत संपल्यावर खाली वाकून पाहिलं, तर सदरा घामानं निथळत होता, चेहरा लालबुंद झाला होता. इतक्या वेळानंतरचं त्यांचं पहिलं वाक्य होतं, "माया कांदा दे." चौथा कांदा त्यांच्या खिशातला होता.

नोकरी लागली. आता मी पुण्यात असते, ऑफिसात बाराही महिने गारठा असतो आणि नवा लॅपटॉप हूं की चूं करत नाही. उन्हाळा लागला की मावसाजींचा फोन येतो. "तापते का तो?" नाही म्हटलं, तर "मंग ठीक हाय" म्हणून ते लगेच फोन ठेवतात, आणि मला दिवसभर चुकल्यासारखं होतं. म्हणून आता मी सरळ खोटं बोलते. म्हणते, "लय तापते, मावसाजी." मग ते बोलत राहतात, आणि मी ऐकत राहते.