मेल्यावर हसायचा शॉट

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. आमच्या घरात लिंबू येतं ते सरबतासाठी. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून ‘रात्रीचं जेवण जड झालं असेल’ असं म्हणत हसणारी बाई मी... आज माझ्यावरच लिहायची पाळी आली.

मी छत्रपती संभाजीनगरात पुंडलिकनगरला राहते. शूटिंगवर पुण्या-मुंबईच्या नटांना मराठवाडी बोली शिकवते. धाकटा भाऊ सुनील फौजेत होता. नऊ वर्षांपूर्वी सीमेवर लढताना गेला. त्याची बायको रेखा तेव्हा सातव्या महिन्यात होती. जायच्या चार दिवस आधी त्याचा मला फोन आला. बरोबरच्या एका जवानाची आई अत्यवस्थ होती, म्हणून यानं आपल्याऐवजी त्याला घरी पाठवायला सांगितलं होतं. म्हणाला, “रजा मिळाली व्हती, अक्का. मीच दुसऱ्याला दिली. तिला सांगू नको, लई रडंल.” मी रेखाला सांगितलं, रजा नामंजूर झाली. नऊ वर्षं ती रजा नाकारणाऱ्या त्याच्या साहेबाला शिव्या घालत आली आणि मी गपगुमान ऐकत आले.

गेल्या मे महिन्यात अविनाशचा युद्धपट सुरू झाला. अविनाश कॉलेजच्या एकांकिकांपासूनचा माझा मित्र. पैठणजवळ धरणाचं पाणी आटून उघडी पडलेली जमीन, हीच आमची रणभूमी. टळटळीत ऊन, धूर सोडला की नेमका वारा फिरायचा, साखरेच्या पाकाच्या रक्तावर माश्यांचं मोहोळ. त्या दिवशी मरणाचा सीन होता. त्याचे कागद सकाळी ऐनवेळी हातात पडले. त्यात लिहिलं होतं : मरता मरता जवान खिशातून लोकरीचं टोपडं काढतो, त्याचा वास घेतो.

माझं डोकंच फिरलं. ते टोपडं रेखानं पोटातल्या बाळासाठी विणून सुनीलला बघायला पाठवलेलं, त्याच्या सामानात परत आलेलं. क्रांती चौकात चहा पिताना मी रडत रडत अविनाशला सांगितलं होतं, आणि ‘हे माझ्यापाशीच राहील’ असं तो म्हणाला होता.

“अव्या, हे माझ्या घरातलं आहे रे.”

“आता सगळ्यांच्या घरातलं होईल की,” तो म्हणाला, आणि वर हसला. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तिथून निघून जायला हवं होतं. गेले नाही, मीच मूर्ख.

आमच्याकडे एक रीत आहे. मरणाचा सीन संपला की नटानं उठून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, म्हणजे अपशकुन टळतो. तेवढ्यासाठी कॅमेरा चालू ठेवतात. सातवा टेक ओके झाला, जवानाचं काम करणारा पुण्याचा नट उठून बसला. सगळे ओरडले, “हसा, हसा!” तो हसला नाही. थेट लेन्समध्ये बघत, कानाची पाळी ओढत — सुनील बोलताना ओढायचा तश्शी — म्हणाला, “रजा मिळाली व्हती, अक्का. मीच दुसऱ्याला दिली. तिला सांगू नको, लई रडंल.”

आयत्या वेळी सुचलेलं वाक्य समजून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र तिथंच मातीत बसले. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं... अविनाशला नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही. नटाला विचारलं तर तो गोंधळला. “बोललो कुठे, ताई? मी तर नुसता हसलो.”

अविनाशला हात जोडले. “एवढं काप.” तो म्हणाला, “कापतो. शब्द देतो तुला.”

सिनेमा झाल्यावर शहरात खास खेळ ठेवला होता. अविनाशनं रेखाला स्वतः बोलावलं. टोपड्याबद्दल मी तिची आधीच माफी मागितली होती. ते पडद्यावर आलं तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला. जवानानं डोळे मिटले. संपलं एकदाचं, म्हणून मी श्वास सोडला, तर काळ्या पडद्यावर पुन्हा तोच चेहरा आला. तेच वाक्य, सगळंच्या सगळं. रेखाचा हात सुटला. मला अक्का म्हणणारा जगात एकच माणूस होता, हे तिला ठाऊक आहे.

बाहेर पार्किंगमध्ये ती म्हणाली, “ताई, सिनेमावाल्यांना सांगितलं, अन् मला नाय?”

“आईशप्पथ, रेखा, मी कुणाला—”

“मग खोटं हाय का ते? रजा मिळाली नव्हती?”

मला खोटं बोलता आलं नाही. ती रिक्षा करून निघून गेली. त्याला चार महिने झाले. फोन उचलत नाही, भाचीलाही पाठवत नाही.

अविनाशनं दगा दिला, ते समजतं; माणसं देतात. मी त्याचं तोंड बघत नाही. पण त्या नटाच्या तोंडून कोण बोललं? आणि खरं सांगू? मला राग अविनाशचा कमी आहे. सुन्या, तू सांगू नको म्हणालास, मी नऊ वर्षं तोंड शिवून बसले. मग तूच का बोललास? आणि बोलायचंच होतं तर तिच्याशी बोलायचंस रे... मला हाक कशाला मारलीस?