अक्का, दहा कमी करा

पैसे वाचवायला निघालेल्या माणसाकडे पैसे किती साठतात ते मला अजून कळलेलं नाही. किस्से मात्र पोत्याने साठतात. आमच्या जळगावच्या ऑफिसात दुपारी डबे उघडले की भाजीच्या आधी भावाची चर्चा सुरू होते. तुमची वांगी कितीची, आमचं तेल कितीचं, कोण कुठे फसलं! या मंडळाचा अध्यक्ष मी. निवडणूक झाली नव्हती. मीच झालो.

मंडळात कायमचे तिघं. मी, हिशेबाच्या टेबलावरच्या चौधरी मॅडम आणि आमचे शिपाई नाना. नाना असोद्याचे. रोज मोटरसायकलवर यायचे, डब्यात कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. स्वभाव इतका गरीब की त्यांनी कधी कुठे भाव केला असेल यावर आमचा विश्वास नव्हता.

घरी मात्र माझं अध्यक्षपद धोक्यात होतं. पिंप्राळ्याच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागे एक हिरवी कापडी पिशवी टांगलेली असते. लग्न झाल्यापासून बाजार मी करतो, म्हणून पिशवी माझी. बायको शिरपूरची. एकदा माझ्या फुशारक्या ऐकून तिने शांतपणे अट घातली, "तीन वेळा फसलात की पिशवी माझ्याकडे."

मी हसून हो म्हणालो. तीन वेळा? मी?

* * *

पहिली वेळ आठवड्यातच आली.

असोद्याला नानांच्या नात्यातल्या एकाकडे केळीची कापणी चालली होती. व्यापाऱ्याने नाकारलेले घड बांधावर पडले होते, मागेल त्याला मिळेल त्या भावाने. मी हिशेब केला. दुकानात डझनाला जे पडतात, त्यात इथे अख्खा घड! एक घड घेतला असता तर बरं झालं असतं. मी दोन घेतले. स्कूटरवर पुढे एक, मागे एक, मध्ये मी. पिंप्राळ्यापर्यंत लोक वळून बघत होते आणि मला वाटत होतं, कौतुकाने बघताहेत.

केळ्यांचा एक गुण मला माहीत नव्हता. ती एकोप्याने पिकतात. चौथ्या दिवशी सकाळी घरभर वास सुटला. आमची बायको एरवी शुद्ध बोलते, पण राग आला की थेट शिरपूरला पोहोचते. घडांकडे बघून ती म्हणाली, "हाई बठ्ठं कोन खाई?"

मी म्हटलं, सगळं आपणच कशाला खायचं, वाटून टाकू. डझनभर घेऊन शेजारी गेलो. आता जळगावात केळी कोणाला द्यायची? ज्याच्या त्याच्या घरी कोणीतरी पाठवलेली केळी होतीच. शेजाऱ्यांनी माझी प्रेमाने घेतली आणि रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून त्यांची दिली. डझन वाटायला गेलेला मी दीड डझन घेऊन परत आलो.

* * *

दुसरी वेळ मिरचीची.

उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करायचा होता. धुळ्याला मिरची किलोमागे वीस रुपयांनी स्वस्त आहे, अशी खबर मला लागली. मी रजा टाकली, एसटीने धुळ्याला गेलो आणि पाच किलो मिरची घेतली. शंभर रुपये वाचले! येताना गोणीची शिवण उसवली. पारोळा येईपर्यंत निम्मी बस शिंकत होती. कंडक्टरने डोळे पुसत मला विचारलं की साहेब, तुम्ही उतरता की आम्ही सगळे उतरू? मी उतरलो. दुसऱ्या बसने गोणी घ्यायला नकार दिला. तिसरीच्या कंडक्टरला सर्दी होती, त्याने घेतली.

जाण्यायेण्याचं तिकीट, रजेचा एक दिवस आणि पारोळ्याला प्यालेले चार चहा. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला म्हणतात, इथे तर मसाल्याचाच मसाला झाला होता.

तरीही मी घरात विजयी चेहऱ्याने शिरलो. बायकोने गोणी उलटी केली, मिरची परातीत ओतली आणि गोणीवरचा शिक्का मला वाचून दाखवला. 'दाणाबाजार, जळगाव.'

"मिरचीनी बी सहल झायी," ती म्हणाली, "तुमनी बी."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात चौधरी मॅडम हसून हसून टेबलावर आडव्या झाल्या. नाना तेवढे हसले नाहीत. मला खरोखर वाईट वाटलं होतं आणि ते त्यांना दिसलं असावं. आता एकदा फसलो की पिशवी गेली, हेही मी त्यांना सांगितलं. ते भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "भाऊ, येत्या बाजारले मी येतो तुमच्या संगं."

* * *

मध्ये चौधरी मॅडमचाही एक सांगतो, नाहीतर फसणारा मी एकटाच असं वाटेल.

त्यांना चहाची गाळणी हवी होती. मोबाइलवर स्वस्त दिसली, नव्वद रुपये. पण पाचशेच्या खाली घेतलं तर घरपोच आणायचे चाळीस रुपये वेगळे. चाळीस रुपये कशाला घालवायचे? अध्यक्ष म्हणून मी सल्ला दिला, सगळ्यांचं सामान एकत्र मागवू. मग त्यात माझा कंगवा आला, मॅडमचे डबे आले, साहेबांनी केबिनमधून निरोप पाठवून पाठ खाजवायची काठी टाकली. चाळीस रुपये वाचवायला आम्ही साडेनऊशेची ऑर्डर दिली.

पाच दिवसांनी खोकं आलं. सगळं होतं. गाळणी नव्हती. ती संपली होती म्हणे.

तोवर नानांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून तीस रुपयांची गाळणी आणली होती. त्या दिवशीचा चहा मॅडमने तिच्यातूनच गाळला.

* * *

आता बाजार. नाना आले आणि माझं नशीब फिरलं.

त्यांची एक पद्धत होती. बाजाराच्या तोंडाशी मला थांबवायचे. "तुमी स्कूटर लावा भाऊ, मी पुढे जाऊन माल पाहून येतो." दहा मिनिटांनी येऊन सांगायचे, भरताची वांगी अमुक अक्काकडे चांगली आहेत, मेथी तमुक नानीकडे. मग मी जायचो आणि नाना मागे उभे राहायचे. मी म्हणायचो, तुम्हीही बोला की. तर ते म्हणायचे, "तुमीच करा भाव. मले नही जमत."

आणि काय सांगू, मला जमायला लागलं! अक्का वांग्यांचे पन्नास सांगायची. मी भुवई उडवायचो, पाऊल मागे घ्यायचो आणि म्हणायचो, "अक्का, दहा कमी करा." अक्का थोडी कुरकुरायची, माझ्याकडे बघायची, मागे नानांकडे बघायची आणि म्हणायची, "घ्या भाऊ, तुमच्यापुढे कोनाचं चालतं?" मेथीवालीचं तेच. मिरच्यावालीचं तेच. मी डब्याच्या वेळी मॅडमला धडे द्यायला लागलो. भुवई किती उडवायची, पाऊल कधी मागे घ्यायचं. नाना मान खाली घालून भाकरी खायचे.

बायकोला मात्र पटेना. एका बाजारच्या दिवशी ती गुपचूप स्वतः जाऊन आली आणि वांगी माझ्यापुढे ठेवली. चाळीसची. मीही त्याच सकाळी चाळीसनेच आणली होती. भाव कसा केलास, मी विचारलं. ती म्हणाली, केलाच नाही. अक्काने चाळीस सांगितले, मी चाळीस दिले.

मी तिला समजावलं की याला नशीब म्हणतात, कौशल्य नव्हे. बरोबरी झाली असल्याने पिशवी खिळ्यावरच राहिली.

* * *

मग नाना रिटायर झाले.

निरोपाची भेट आणायचं काम अर्थातच अध्यक्षांकडे आलं. मॅडमने बजावलं होतं, नानांच्या वस्तूत काटकसर नको. मी केली नाही. चांगलं भिंतीवरचं घड्याळ घेतलं. आता त्यावर तसलंच दुसरं फुकट मिळत होतं, त्याला मी काय करणार? एक नानांना दिलं, फुकटचं ऑफिसात लावलं.

ऑफिसातलं अजून चालतंय. नानांचं तिसऱ्या दिवशी बंद पडलं.

मी लाजेने असोद्याला गेलो, बदलून आणतो म्हणालो. नानांनी घड्याळ सोडलं नाही. म्हणाले, "राहू द्या भाऊ. रिटायर मानसाले घड्याय चालू कशाले पाहिजे?" निघताना त्यांनी माझ्या पिशवीत वांगी घातली. मी पैसे काढले, तर पहिल्यांदाच रागावले.

त्या दिवसापासून ऑफिसात डबा उघडायला मजा येत नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, इथे लिहितो.

* * *

नानांशिवाय पहिला बाजार. बायको म्हणाली, मीही येते. तुमचं कौशल्य एकदा डोळ्यांनी बघू दे. मी म्हटलं, ये. पिशवी खांद्याला लावली, स्कूटर उभी केली आणि सरळ वांगीवाल्या अक्कापुढे जाऊन उभा राहिलो. भुवई तयार ठेवली होती.

"काय भाव अक्का?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे पाहिलं. मागे बायको होती.

"नाना नही आले?"

"नाना रिटायर झाले."

अक्का तराजू हातात घेऊन जरा घुटमळली. तिला खरंच प्रश्न पडला होता.

"मंग भाऊ," ती म्हणाली, "नाना सांगून जायचे तसे आधी दहा जास्त सांगू, का आता खराच भाव सांगू?"

माझी भुवई वरच राहिली.

बायको पुढे झाली. "खराच सांगा," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावरची पिशवी तिने हळूच काढून घेतली.